सूर्यफुलाची किल्ली

मेटल डिटेक्टर घेताना मी महागड्या मशीनच्या मागे लागले नाही. पार्कमध्ये नाणी शोधायची तर खोलीपेक्षा निवड महत्त्वाची. अशा जागी लोक वर्षानुवर्षं बसून खातात-पितात, त्यामुळे मातीत नाण्यांपेक्षा बाटल्यांची बुचं आणि सोडाकॅनच्या कड्याच जास्त असतात. डिटेक्टरच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, मोठी असली तर खोल जाते, पण आजूबाजूच्या सगळ्या कचऱ्याचा एकच गोंगाट करते. लहान कॉइल त्या कचऱ्यात पडलेलं एखादं नाणं वेगळं काढून दाखवते. मी लहान कॉइलचं मशीन घेतलं.

मी मेटलर्जिस्ट आहे. शिकागोबाहेर, नेपरव्हिलजवळच्या एका लॅबमध्ये माझ्याकडे मोडलेले बोल्ट आणि गंजलेले व्हॉल्व्ह येतात, आणि ते का गेले हे मी सांगते. त्या वर्षी माझा नवरा श्रीरंग नव्या नोकरीसाठी सांता क्लाराला गेला आणि मे महिन्यात फोनवर म्हणाला, मला थोडी स्पेस हवीय. ती स्पेस त्याने तिकडे आधीच भाड्याने घेतली होती आणि तिच्यात तो एकटा राहत नव्हता. मी रडले नाही. पुढच्या दाराचं कुलूप बदललं. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक मी ठेवली, एक आमच्या मुलीला, अस्मिताला दिली. ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणार होती आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

कुलूप बदलून झालं तरी संध्याकाळ उरायचीच. म्हणून डिटेक्टर.

आमच्या घरामागच्या रस्त्याच्या टोकाला एक जुनं पार्क आहे. पलीकडून शिकागोला जाणारी ट्रेन जाते. पार्कमध्ये शोधायची रीतसर परवानगी मी काढली होती. हेडफोन लावायचे, कॉइल गवताला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवायची, आवाज आला की उलट्या दिशेने पुन्हा फिरवून बघायचं. दोन्हीकडून मशीनच्या पडद्यावर तोच आकडा आला तरच खणायचं. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा, माती कापडावर काढायची, वस्तू मिळाली की सगळं होतं तसं दाबून बसवायचं. मागे खूण राहता कामा नये. उन्हाळाभर मला दहा सेंटचे डाइम मिळाले, पंचवीस सेंटचे क्वार्टर मिळाले, गव्हाच्या ओंब्या कोरलेले जुने सेंट मिळाले. माती साधा हिशेब पाळते. वर नवं, खाली जुनं. त्या काळात माझ्याभोवती हिशेब पाळणारं तेवढंच होतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी पार्कच्या कडेच्या मोठ्या ओकच्या झाडाखाली स्पष्ट आवाज आला. खोल होता, पण दोन्हीकडून सारखा. खणत गेले तर आडवं मूळ लागलं. वस्तू मुळाखाली नव्हती, मुळात होती. लाकडाने तिच्याभोवती वाढून ती अर्धी गिळली होती. चाकूने साल कापून मी ती सोडवली.

पितळेची किल्ली होती. जागोजागी गुलाबी पडलेली.

पितळ ओल्या मातीत पडून राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे भुसभुशीत, गुलाबी तांबं उरतं. त्याला वर्षं लागतात. सोमवारी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितली, तेव्हा मी मनात धरलं होतं की तीसेक वर्षं तरी झाली असतील. किल्लीच्या डोक्यावर सूर्यफुलाचं चित्र दाबलेलं होतं आणि पाकळ्यांच्या खाचांत पिवळ्या रंगाचे कण होते. टोकाशी एक जादा खाच होती. किल्ली बनवताना मशीनचं चाक घसरलं की पडते तशी.

घरी आले. हातात तीच किल्ली होती, माझी पर्समध्ये तळाशी. मी ती कुलपात घातली. का, ते सांगता येणार नाही.

जरा अडखळली. मग फिरली.

दार उघडलं.

मी उंबरठ्यावर उभी राहून कारणं शोधली. कंपन्या ठराविकच खाचा वापरतात, दोन कुलपांना एकच किल्ली लागणं अशक्य नाही. हे मी स्वतःला पटवलं. किल्ली कागदात गुंडाळून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकली. अस्मिताला काही बोलले नाही. त्या ओककडे मात्र पुन्हा गेले नाही.

डिसेंबरात, ख्रिसमसच्या सुट्टीत, लॅबमधून दुपारीच घरी आले तर ड्राइव्हवेत भाड्याची गाडी उभी होती. श्रीरंग किचनमध्ये चहा करत होता. आपलाच ओटा असल्यासारखा. अस्मिता टेबलापाशी बसली होती आणि कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आत कसा आलास?" मी विचारलं.

"अस्मिताने किल्ली दिली."

"आय मेड अ कॉपी," अस्मिता म्हणाली. "ही इज माय डॅड, आई. इट्स नॉट अ क्राइम."

त्याने खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली. नवी, लखलखीत. डोक्यावर पिवळंजर्द सूर्यफूल. टोकाशी जादा खाच.

"स्टोअरच्या मशीनने जरा वेडीवाकडी कापलीय," तो म्हणाला. "पण चालते."

मी खुर्ची ओढून बसले.

"ती किल्ली मला दे, श्रीरंग."

"दोन दिवसांसाठी आलोय, लतिका. पोरीला भेटायला."

"रहा. हवं तितकं रहा. पण ती किल्ली दे."

"एवढा राग?" तो हसला. "मी घरात चालतो, पण किल्ली नाही चालत?"

मी ड्रॉवर उघडला, कागद सोडला आणि जुनी किल्ली नवीच्या शेजारी ठेवली. सूर्यफुलाशेजारी सूर्यफूल. खाचेशेजारी खाच. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा कडवट झाला.

"अ‍ॅसिडमध्ये बुडवलीस ना? लॅबमध्ये?"

"पार्कमधल्या ओकखाली मिळाली. ऑक्टोबरमध्ये. ही बनायच्या आधी."

"ऑक्टोबरमध्ये." त्याने अस्मिताकडे पाहिलं. "तू कधी केलीस कॉपी?"

"लास्ट वीक," अस्मिता पुटपुटली. मग माझ्याकडे वळली. "तू माझ्या बॅगेतून घेतलीस? यू मेड अनदर वन, जस्ट टू स्केअर हिम?"

मी नाही म्हणाले. दोघांनीही ऐकलं नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं. खोटं सांगणारा तो होता. तरी त्या किचनमध्ये अविश्वास माझ्या वाट्याला आला.

श्रीरंगने जॅकेट चढवलं. नवी किल्ली खिशात टाकली. कोपऱ्यातला डिटेक्टर उचलला.

"कुठलं झाड म्हणालीस? बघून येतो. अजून काय काय पुरून ठेवलंयस ते."

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"बघ," तो अस्मिताला म्हणाला, "हिला जायचंही चालत नाही, यायचंही चालत नाही."

खिडकीतून तो रस्त्याच्या टोकापर्यंत दिसला. बर्फ भुरभुरत होतं. खांद्यावर डिटेक्टर घेऊन, फिरायला निघालेल्या माणसासारखा तो वळला.

चहा निवला. मी बूट चढवले आणि गेले.

डिटेक्टर ओकच्या बुंध्याला टेकवून उभा होता. चालू होता. खाली लोंबणाऱ्या हेडफोनमधून बारीक, सलग आवाज येत होता. भोवतीचं बर्फ मऊ आणि सपाट होतं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. पलीकडून ट्रेन गेली.

पोलीस आले, कुत्री आली. कुत्री ओकभोवती फिरायची आणि खाली बसायची. जमीन दगडासारखी गोठलेली, कुठेही खणल्याची खूण नाही. अधिकारी सौम्यपणे म्हणाला की मोठी माणसं कधीकधी आपल्या मर्जीने निघून जातात. मी त्याला जुनी किल्ली दाखवली. त्याने ती नम्रपणे परत दिली.

आठवड्याने सांता क्लाराहून प्रतिमाचा फोन आला. श्रीरंगबरोबर राहणारी. आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

"त्याला जाऊ दे ना यार, लतिका," ती रडत म्हणाली. "माझ्याशी बोलू तरी दे."

अस्मिताने जेवणाचं ताट खोलीत न्यायला सुरुवात केली. एकदा जिन्यावर थांबून म्हणाली, "यू मेड हिम लीव्ह ट्वाइस." तिला वाटत होतं बाप आपल्याला दुसऱ्यांदा टाकून गेला, आणि जे मला वाटत होतं त्यापेक्षा तिने तेच समजावं हे बरं होतं.

एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाली. मी सकाळी ऑफिसला कळवून सुट्टी घेतली आणि ओकखाली गेले.

कॉइल फिरवली. किल्लीची जागा गप्प होती.

तिथून हातभर अलीकडे हलकासा आवाज आला. खोल. दोन्हीकडून सारखा.

गवताचं झाकण कापून उलटलं. खाली मुळांचं जाळं अखंड होतं. कुदळ कधी लागलेली नव्हती.

बोटांनी माती काढत गेले. आडवं मूळ लागलं, माझ्या मनगटाएवढं जाड.

मुळावर चष्मा होता.

मुळावर नव्हे. मूळ चष्म्यातून वाढलेलं होतं. एका काचेची जागा त्याने भरून टाकली होती, फ्रेम सालीत रुतली होती. फ्रेम टायटेनियमची. टायटेनियम गंजत नाही, त्याच्यावरून वय कळत नाही. मुळावरून कळतं. एवढं जाड व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात.

डावी काडी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. श्रीरंग चष्म्यासकट झोपायचा. ती काडी मी किती वेळा सरळ करून दिली होती.

दुसरी काच शाबूत होती. तिच्यावरची माती मी अंगठ्याने पुसली. आत, डोळ्याच्या बाजूला, वाफ धरलेली होती.

मी हात मागे घेतला आणि गुडघ्यांवर तशीच बसून राहिले.

वाफ कडेकडून विरत गेली. काच स्वच्छ झाली.

मग पुन्हा धरली.