गार बिल्ला

दिवे गेले तर जाऊ देत, मेणबत्ती आहे ना. ती इकडे सरकवा, माझ्या पुढ्यात. आणि धाकटे, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस. उगाच नंतर मामाला नावं ठेवशील.

ही कुठल्या पुस्तकातली गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस माझ्यासमोर बसून बोलला होता, चहाचा कप तसाच हातात धरून. त्याला सगळे टकटक म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. शववाहिनी चालवायचा. गाडी सुरू करण्याआधी बोटं मिटून पाठीमागच्या पत्र्यावर दोनदा वाजवायचा, टक टक, आणि म्हणायचा, "निघतो बरं का." मागे जे कोणी झोपलेलं असेल त्याला. ज्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं त्याला हे काम शिकवलं, त्याचीच ही सवय. तो म्हणायचा, न सांगता कोणाला कुठे नेऊ नये. जिवंताला नाही, आणि मेलेल्याला तर नाहीच.

तर त्या रात्री टकटकला एक पेटी पोचवायची होती. काम एवढंसंच. उन्हाळ्यातला शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. असला उकाडा की पंख्याखालीसुद्धा अंगाला चटके बसावेत. लाकडाची लहानशी पेटी, आत राख, आणि वर दोऱ्यानं बांधलेला एक बिल्ला. जायचं होतं गावाबाहेर, खाणीच्या रस्त्यानं, एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी. मास्तर म्हणायचे सगळे त्यांना. त्यांची बायको आठवड्यापूर्वी गेली होती. संध्याकाळपासून मास्तरांचे फोनवर फोन. "कितीही उशीर होऊ दे, पण आज आणा हो तिला. ती रात्रीची परक्या जागी कधी राहिली नाही."

बिल्ला म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. स्टीलचा, बिस्किटाएवढा गोल, वर आकडा कोरलेला. माणसाला दहनाच्या भट्टीत देताना हा बिल्ला बरोबर आत जातो. वितळत नाही, काळानिळा होऊन राखेबरोबर बाहेर येतो. आकडा जुळला की समजायचं, ही राख आपल्याच माणसाची. टकटक ज्या अंत्यविधीच्या ऑफिसात नोकरीला होता, त्याच्या मालकाचा सगळा धंदा या बिल्ल्यावर उभा होता. लोक रडत यायचे. तो बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि मऊ आवाजात म्हणायचा, "हा तुमच्या माणसाची साथ शेवटपर्यंत सोडत नाही. डोळे झाकून विश्वास ठेवा." आणि लोक ठेवायचे. डोळे रडून सुजलेले, झाकायला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

पण भट्टी तर कधीचीच बंद पडली होती. दुरुस्ती महाग, म्हणून मालक आज करू, उद्या करू. माणसं मागच्या थंड खोलीत एकावर एक फळ्यांवर ठेवलेली. घरच्यांना काय, कुठल्या तरी शेगडीची राख आणि चाळलेला चुना. वर बिल्ला. तो काळा दिसायला हवा ना? मग तो चहाच्या गॅसवर, चिमट्यात धरून भाजायचा. हे काम टकटकचं. बिल्लेही मोजकेच होते. घरच्यांना आकडा दाखवायचा, पेटी द्यायची आणि "हा ऑफिसात जमा करावा लागतो" म्हणून बिल्ला परत आणायचा. घासून लख्ख केला की पुढच्याच्या नावावर.

टकटक वाईट माणूस नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मालक म्हणायचा, "अरे, चार दिवसांत भट्टी सुरू होते, मग सगळ्यांचं नीट करू. तोवर तोंडाला कुलूप. मेलेलं गिऱ्हाईक काय तक्रार करणार आहे?" आणि याच्या घरी खाणारी तोंडं पाच. मढ्याच्या टाळूवरचं लोणी मालक खात होता, पण वाटी याच्या हातात होती. हे त्याला कळत होतं. म्हणून तर झोप लागत नव्हती.

मास्तरांच्या बायकोला घरून यानंच आणलं होतं. बाईंना जन्मभर थंडी वाजायची, उन्हाळ्यातसुद्धा. मास्तरांनी तिला एक कोट शिवला होता, दुहेरी अस्तराचा, खोल खिशांचा. तोच अंगात घालून ती निघाली. मास्तर गाडीपाशी आले, म्हणाले, "दादा, एक करा. तिचे हात खिशात घालून ठेवा. तिला गारठा सोसत नाही. म्हणून तर ती म्हणायची, मला मातीत नको, आगीत द्या." टकटकनं स्वतःच्या हातानं तिचे हात खिशात घातले. आणि शब्द दिला, "काळजी करू नका, मास्तर. ऊब मिळेल त्यांना."

शब्द देऊन तो तिला थंड खोलीत ठेवून आला.

आता त्या शनिवारी झालं काय, ऑफिसातला गॅस संपला. बिल्ला भाजायचा राहिला. टकटकला वाटलं, वाटेत लायटरवर काळा करू, त्यात काय. पेटी शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघाला. गाडी मागे रिकामी होती, म्हणून पत्र्यावर वाजवलंही नाही.

खाणीच्या रस्त्याला एक बंद पडलेला पेट्रोल पंप आहे. तिथे त्यानं गाडी लावली. इंजिन बंद केलं. बिल्ला सोडवून बोटांत धरला, खाली लायटर पेटवला.

ज्योत बिल्ल्याला लागली. बराच वेळ लागली. लायटर इतका तापला की अंगठ्याला चटका बसला. यानं बिल्ला फिरवून पाहिला.

लख्ख होता. काजळीचा एक ठिपका नाही.

आणि गार. बर्फातून काढल्यासारखा गार. वर बारीक पाणी सुटलेलं.

टकटक स्वतःशीच हसला. चोराच्या मनात चांदणं, म्हणाला, घामाचा हात आहे, दुसरं काय. बिल्ला शर्टाला पुसला, पुन्हा धरला. ज्योत त्याच्या कडेनं वळून वर जात होती, त्याला शिवतच नव्हती. लायटर विझला. पुन्हा पेटलाच नाही.

चला, अंधारात मास्तरांना काय दिसतंय, असं म्हणून त्यानं किल्ली फिरवली. आणि अंगवळणी पडलेलं, काय करणार... हात आपोआप मागे गेला. टक टक.

मागून आवाज आला.

टक... टक.

पत्र्याच्या वरच्या बाजूनं नाही. खालून. आडवं पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथून.

त्याची पाचावर धारण बसली. तरी उतरला. अहो, रिकामी गाडी, कुठलं मांजर शिरलं असेल. मागचं दार उघडलं... काही नव्हतं. स्ट्रेचर, दोन पट्टे, बस. पण आतून गारठ्याचा लोट आला अंगावर, आणि त्या उकाड्यात त्याच्या तोंडातून वाफ निघाली. पांढरी. त्यानं स्वतः पाहिली.

दार लावलं. गाडी पळवली. मागे बघितलं नाही.

मास्तर फाटकातच उभे होते. घरात नेलं त्याला. शिलाई मशीन बाजूला सारून तिची खुर्ची खिडकीपासून लांब, वारा लागणार नाही अशी ठेवलेली. पेटी तिथे ठेवायची होती. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पेटी घेतली, खुर्चीवर ठेवली आणि वर आपली मफलर घातली. म्हणाले, "बरं झालं आणलंत. आता मी झोपेन."

मग आकडा बघायला त्यांनी बिल्ला हातात घेतला.

"किती गार आहे हो हा!"

टकटक म्हणाला, "रात्रीच्या हवेनं, मास्तर."

"या उकाड्यात?" मास्तरांनी बिल्ला मुठीत धरला. शंका नव्हती त्या माणसाच्या आवाजात, तेच तर जीवघेणं होतं. "तिचे हात असेच असायचे. बाहेरून आली की आधी माझ्या मानेला लावायची. म्हणायची, बघा, किती गार पडलेत. मी ओरडायचो तिच्यावर. आता वाटतं, कशाला ओरडलो... पण तुम्ही सांगितलंत ना, तिला ऊब मिळाली?"

टकटकनं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द.

बाहेर, फाटकाशी, बंद गाडीत...

टक... टक.

मास्तरांनी मान वळवली. "गाडीत कोण आहे?"

टकटकनं नजर पेटीवरच ठेवली.

"दादा, कोणाला बसवून ठेवलंत बाहेर? घरात बोलवा ना."

टक... टक.

टकटक तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, "मास्तर... त्या या पेटीत नाहीत."

मास्तर ओरडले नाहीत, हात उगारला नाही. बिल्ला टकटकपुढे ठेवला, खुर्चीवरची मफलर उचलली, गळ्यात घातली आणि फाटकाकडे चालायला लागले. पेटीकडे परत वळून बघितलंही नाही.

दोघं गाडीतून ऑफिसात आले. थंड खोलीची किल्ली टकटककडेच असायची. दार उघडलं, दिवा लावला. भिंतीला लागून फळ्या. चादरी... चादरी... चादरी. मास्तरांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि टकटककडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा भूत परवडलं, असं तो मला म्हणाला.

बाई खालच्या फळीवर होत्या. कोट अंगात, सगळी बटणं लावलेली. डावा हात खिशात.

उजवा हात बाहेर होता. बोटं मिटलेली. दार वाजवायला मिटतो तशी.

मास्तर खाली बसले. गुडघे दुखत असतील, पण बसले. तो हात उचलून त्यांनी आपल्या मानेला लावला. "हो गं," म्हणाले. "गार पडलेत. खूपच गार पडलेत. चल."

त्याच रात्री दोघांनी तिला गाडीत घातलं. टकटकनं पत्र्यावर वाजवलं, "निघतो बरं का." उत्तर आलं नाही. शेजारच्या गावी सरकारी भट्टी आहे, तिथे पहाटे तिला आग मिळाली. तिथला बिल्ला त्यांचा त्यांचा, वेगळा. राखेबरोबर तो काळानिळा, कढत बाहेर आला. मास्तर तो सोडायलाच तयार नव्हते, तळहाताला फोड आला तरी.

तिथून दोघं सरळ पोलिसांत गेले. ऑफिसला सील लागलं. मालक अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, आणि टकटकनंही आपल्या वाटणीची शिक्षा भोगली. त्यानं नाही म्हटलं नाही. थंड खोलीत जे जे सापडले, ते आपापल्या घरच्यांना मिळाले. एकेकाला नीट निरोप दिला लोकांनी.

सुटून आल्यावर टकटक परगावी निघाला, तेव्हा मला भेटायला आला होता. तोच तो चहा. जाताना खिशातून एक वस्तू काढून त्यानं टेबलावर ठेवली. म्हणाला, "हे तुमच्याकडे राहू दे. माझ्याकडे असलं की रात्री ऐकू येतं."

हा बघा.

घाबरू नका, चावत नाही. धाकटे, धर. गार आहे ना? दुपारी उन्हात ठेवला होता मी, गच्चीत. आता मेणबत्तीवर धर. अजून जवळ. बोट सांभाळ.

दिसलं? ज्योत वळते.

काय म्हणालीस? बाई तर नीट गेल्या, मग हा अजून गार कसा?

...

हाच प्रश्न मी टकटकला विचारला होता. तो म्हणाला, "बिल्ले मोजकेच होते हो. तेच तेच फिरायचे." बाईंच्या आधी हा कोणाच्या नावावर गेला, त्याच्याही आधी कोणाच्या... खोलीत होते ते सापडले. खोलीत नव्हते ते कुठे गेले, हे मालक सांगत नाही. ज्यांच्या घरी पेट्या गेल्या, ते बिचारे डोळे झाकून बसलेत अजून.

राहू दे. पुसू नकोस ते पाणी, पुन्हा सुटतंच. ठेव खाली.

हळू ठेव, बाळ. टेबलावर वाजवू नकोस.