शेपटीखालची गादी

सकाळी हँगरचं दार उघडलं आणि मेकॅनिकने कपाळाला हात लावला. नवं प्रशिक्षण विमान नाक वर करून शेपटीवर बसलं होतं.

नाकातल्या शिशाच्या पट्ट्या गायब होत्या. आधीचं जड इंजिन काढून हलकं टर्बोप्रॉप इंजिन बसवल्यापासून विमानाचा सगळा तोल त्या पट्ट्यांवर होता.

दुपारी सुरक्षा खात्याची चौकशी अधिकारी आली. पाठीमागे सगळे तिला घुबड म्हणत. तिला ते ठाऊक होतं. घरी हाक मारायला कोणी नसलं की माणूस टोपणनावावरही भागवतो.

संचालकांचा निकाल तयारच होता. "हँगरची किल्ली मेकॅनिककडे असते. आजच त्याला नारळ देतो."

"आणखी कोणाकडे?"

"वैमानिक आणि मुख्य अभियंता. पण त्यांचा जीव आहे हो या विमानात!"

घुबड वाकली. शेपटीखाली खुर्चीची निळी गादी होती, नाड्या कापलेली.

"ही तुमची?" तिने मेकॅनिकला विचारलं.

"नाही हो मॅडम. मी पट्ट्या काढल्या असत्या तर आधी शेपटीखाली टेकूचा स्टँड लावला असता. हा डाग घेऊन मला दुसरीकडे कोण उभं करील?"

मग वैमानिक. "आज काय होतं?"

"गिरकीची चाचणी. विमान गरगरत खाली सोडायचं आणि सावरायचं."

"भीती वाटत होती?"

"वाटली की मी तोंडावर सांगतो. मागे एकदा उड्डाण नाकारलंय, विचारा कोणालाही."

अभियंत्याच्या खोलीत भिंतभर विमानाचे नकाशे होते आणि चहाचा एकच कप. तो उभ्यानेच बोलत राहिला.

"बसा ना."

"पाठ धरलीय."

त्याची लाकडी खुर्ची उघडी होती. मागच्या दांड्याला निळ्या नाडीच्या दोन गाठी तशाच होत्या. घुबडाला वाईट वाटलं. तिने सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं.

"पट्ट्या निघाल्या की शेपूट खाली येणार, हे चोराला माहीत होतं. स्टँड कुठे ठेवतात हे माहीत नव्हतं. म्हणजे तो टेबलावर काम करणारा माणूस. पण विमानाला ओरखडाही येऊ नये म्हणून त्याने स्वतःची गादी कापून आणली. अभियंतासाहेब, गिरकीतून हे विमान सावरणार नव्हतं, खरं ना?"

अभियंत्याने गादीकडे पाहिलं.

"काल संध्याकाळी हिशेब पुन्हा केला. शेपूट जड पडतेय. माझी चूक. पण आणखी एक चूक निघाली तर प्रकल्प बंद, असं संचालकांनी बजावलं होतं. घातपाताची चौकशी लागली की विमान आपोआप जमिनीवर राहतं. तेवढ्यात शेपूट सुधारली असती. पट्ट्या माझ्या गाडीत आहेत."

"आणि हा मेकॅनिक?" घुबड कडाडली. "वैमानिकाचा जीव वाचवलात आणि याच्या पोटावर पाय दिलात!"

"चुकलो. घरी सांगायला बायको असती, तर तिनेच मला अडवलं असतं. या विमानाशिवाय मला कोणी नाही."

आज घुबडालाही रिकाम्या घरीच परतायचं होतं.

मेकॅनिकने स्टँड आणला, शेपटीखाली लावला, गादी ओढून काढली आणि झटकून अभियंत्याच्या हातात दिली.

"साहेब, मी इथेच तर असतो रोज. मला सांगायचं होतंत."