शंभरात तीन हिरव्या

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "उजेड पळून जाईल."

बुधवारची दुपार होती. भुरभुर पाऊस होता आणि कारखान्यामागच्या मैदानात एक माणूस हिरव्या गाडीच्या बॉनेटला गाल लावून उभा होता. अगदी लावून नव्हे, मध्ये बोटभर अंतर असेल. मी तिथे गाड्या मोजायला गेले होते. न विकलेल्या गाड्या त्या मैदानात रांगेने उभ्या असतात. त्यांचा आकडा माझ्या संगणकावर दर तासाला येतो, तरी मी बुधवारी खाली उतरून मोजत असे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर माझं कोणाशी बोलणं होत नसे. मोजताना निदान ओठ हलत.

"इकडे या. वाका. अजून थोडं... आता बघा."

मी वाकले. ढगांखाली काळपट दिसणारा तो रंग कडेकडेने उजळत गेला, ओल्या दगडावरच्या शेवाळासारखा.

"बाकीच्या रंगांना दोन थर लागतात, याला तीन," तो म्हणाला. "अकरा महिने घातलेत मी याच्यावर. पानासारखा नको होता मला. पानं सगळेच करतात."

त्याच्या अंगठ्याच्या नखाशी एक हिरवी रेघ होती. भुवईवर थेंब अडकले होते आणि ते पुसायचं त्याच्या गावीही नव्हतं.

"तुम्ही कुठल्या खात्यात?"

"तिसरा मजला. किंमत आणि मागणी."

"अरे बापरे, वेधशाळा!"

"काय म्हणालात?"

"रंगखात्यात तुम्हाला वेधशाळा म्हणतात. सकाळी एक सांगता, संध्याकाळी भलतंच. रागावू नका हं... प्रेमाने म्हणतात."

"प्रेमाने कोणी कोणाला वेधशाळा म्हणत नाही."

"बरं," तो म्हणाला, "मग मी म्हणून बघतो."

त्या दिवशी माझी मोजणी चुकली. चारशे बाराच्या जागी चारशे नऊ.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यातून रोज एकशेवीस विजेच्या गाड्या निघतात. तेवढीच माणसं त्या घ्यायला तयार असली पाहिजेत, कमी नकोत आणि जास्तही नकोत. माणसं कमी पडली की किंमत उतरवायची. पण किंमत उतरवली की मागच्या आठवड्यात गाडी घेतलेला माणूस फोन करून आमचा उद्धार करतो. म्हणून आधी दुसरंच काहीतरी हलवायचं. चांगली चाकं फुकट द्यायची, घरी चार्जर बसवून द्यायचा. माणसं जास्त झाली की उलटं. छोट्या बॅटरीची स्वस्त गाडी यादीत ठेवायची, पण तिची तारीख चार महिन्यांपुढची दाखवायची, म्हणजे माणूस उसासा टाकून मोठ्या बॅटरीकडे वळतो. हे सगळं दर सोमवारी सकाळी दहाला जाहीर होतं. त्याची यादी सहा वर्षं मी करत होते.

पुढच्या बुधवारी तो तिथेच होता. त्याच्या पुढच्याही.

"तुम्ही मुद्दाम येता का?" मी एकदा विचारलं.

"छे! रंग तपासायला येतो. उघड्यावर राहिला की त्याचं काय होतं, ते बघावं लागतं."

"दर बुधवारी?"

"बुधवारी उजेड चांगला असतो."

आभाळ गच्च भरलं होतं. दोघांनीही वर पाहिलं.

त्याच बुधवारी त्याने कबूल केलं की रोज संध्याकाळी खोलीवर गेला की तो आमच्या वेबसाइटवर एक गाडी बनवतो. रंग हिरवा. मग चाकं, सीट, बॅटरी, सगळं निवडून शेवटच्या पानापर्यंत जातो आणि बंद करतो.

"तुमच्यासारख्यांमुळेच आमचे आकडे बिघडतात," मी म्हणाले. "आम्हाला वाटतं, गिऱ्हाईक किमतीला बिचकलं."

"किमतीला कोण बिचकतंय? मला गाडी चालवता येत नाही."

मी हसले. एवढ्या मोठ्याने हसले की रांगेच्या टोकाचा पहारेकरी वळून बघायला लागला.

"मग बनवता कशाला?"

"हिरवा अजून आहे का, ते बघायला. तुमचा काय भरवसा! मागच्या वर्षी एका सोमवारी तपकिरी गेला. ना निरोप, ना काही."

तपकिरी मीच काढला होता. ते मी सांगितलं नाही.

माझी खोली पडद्यांच्या दुकानाच्या वर होती. एक खिडकी, समोर भिंत. रविवारी ताईचा फोन यायचा. तो आला नाही तर सोमवारी सकाळी माझा आवाज घोगरा निघायचा, बरेच दिवस न उघडलेल्या नळासारखा. आधी नुसती हवा, मग पाणी.

"काय गं, तिकडे कोणी आहे की नाही?" ताई विचारायची.

"आहेत की. चारशे साठ."

"गाड्या नव्हे गं! माणसं!"

"माणसांचा आकडा वेगळ्या खात्याकडे असतो."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," असं म्हणून ती भाच्याच्या शाळेकडे वळायची. मला तिला सांगावंसं वाटे... पण सांगायला होतं काय? आठवड्यातून वीस मिनिटं, पाऊस, आणि एका माणसाची भुवई.

आठव्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या कधी चिडत नाहीत, म्हणून सगळे त्यांना घाबरतात.

"पाच रंग परवडत नाहीत. चार करायचे," त्या म्हणाल्या. "हिरवा किती जातो?"

"शंभरात तीन."

"मग काढून टाक."

"मॅडम... पांढरा सोडला तर प्रत्येक रंगाचे आपण जादा पैसे घेतो. हिरवा एकदाही फुकट देऊन पाहिलेला नाही. महिनाभर देऊन बघू या?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे आकडे म्हणताहेत की तू?"

"आकडे," मी म्हणाले. सहा वर्षांतलं माझं त्या खोलीतलं ते पहिलं खोटं.

हिरवा गेला असता तर मैदानात हिरवी गाडी उरली नसती, आणि ती नसती तर त्याला तिथे यायला निमित्त उरलं नसतं. माझा सगळा हिशोब एवढाच होता. त्याला मी काही बोलले नाही. वाटलं, आकडा वाढला की सांगू. त्याचा चेहरा बघू.

आकडा वाढला. पहिल्या आठवड्यात शंभरात नऊ. दुसऱ्यात एकवीस, आणि तिथेच टिकला. फुकट म्हटल्यावर लोकांना शेवाळही आवडतं, असं मॅडम म्हणाल्या. बुधवारी मी केस नीट बांधून खाली उतरले.

तो नव्हता.

पुढच्या बुधवारी नव्हता, त्याच्या पुढच्याही. हिरव्या गाड्याही नव्हत्या. मैदानात येण्याआधीच त्यांना गिऱ्हाईक मिळत होतं. पांढऱ्या आणि करड्या गाड्यांच्या रांगेतून मी एकटी हिंडले आणि आकडा बरोबर मोजला. त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. कधी गरजच पडली नव्हती, बुधवार होता ना.

चौथ्या आठवड्यात मी रंगखात्याच्या काचेपाशी गेले. आत सहा माणसं होती. सहाही जणांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत सारखेच पांढरे डगले आणि तोंडावर मास्क. दोघे थर मारत होते, बाकीचे पुढची गाडी पुसत होते, आणि गाडी हिरवी होती. फळ्यावर जादा पाळीचं वेळापत्रक लावलं होतं: सकाळी सहा ते रात्री आठ, बुधवारसकट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन थरांचा रंग सातपट विकला की तो रंग मारणारा माणूस कुठे असणार?

सहांपैकी एकाने हात वर केला. मीही केला. तो तोच होता का, ते काचेपलीकडून कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात कारखान्याच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं. हिरव्याच्या तिसऱ्या थरामुळे रोज एकशेवीसच्या जागी एकशेआठ गाड्या निघताहेत.

"रोज बारा गाड्या," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून हिरवा बंद. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा प्रयोग चुकला नाही, मागणी खरीच होती. आपल्याला ती नको होती, इतकंच." मग कागद उलटत म्हणाल्या, "तो हिरवा ज्याने केला ना, त्याला नव्या कारखान्याच्या रंगशाळेत पाठवताहेत. शनिवारपर्यंत हो की नाही सांगायचंय त्याला. तिथे नवीन रंग बनवायचे आहेत. इथे आता कोण बनवू देणार!"

नवा कारखाना रेल्वेने अकरा तासांवर होता.

त्या दिवशी शुक्रवार होता. जेवणाच्या सुटीत मी रंगखात्याच्या दाराशी उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा गालांवर मास्कचे वळ होते आणि डोळे तांबारले होते. मला बघून त्याचा चेहरा उजळला, त्यामुळे बोलणं आणखी जड झालं.

"वेधशाळा! काय, आज पाऊस पडणार म्हणता?"

"हिरवा बंद होतोय. सोमवारी यादी लागेल. निरोप न देता जाऊ नये, म्हणून सांगायला आले."

त्याने हातातल्या मास्कची घडी घातली. मग म्हणाला, "एवढा विकला जात असताना?"

"एवढा विकला गेला म्हणून. मी तो फुकट केला म्हणून."

"तुम्ही?"

"हो."

"पाच आठवडे मी त्या माणसाला शिव्या घालतोय," तो सावकाश म्हणाला. "रोज. कोणत्या गाढवाने हा रंग फुकट केला, म्हणून."

"त्या गाढवाला सगळ्या पोचल्या असं समजा."

त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. "का केलंत पण?"

"शंभरात तीनच जात होत्या. तेव्हा आकड्यांवरून असं वाटलं की..."

"आकडे मला कळत नाहीत. का केलंत?"

मागे पंख्यांची घरघर चालू होती. माझ्या लक्षात आलं, माझं आयुष्य दुसऱ्यांना काय हवंय ते ओळखण्यात गेलंय. स्वतःला काय हवंय, ते सांगायची मला सवयच नव्हती.

"तुम्ही बुधवारी येत राहावं म्हणून," मी म्हणाले.

"आणि त्यामुळेच मला येता आलं नाही."

"हो."

"विचारायचं तरी होतं मला."

"हो... विचारायला हवं होतं."

तो पायरीवर बसला. मीही बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"नव्या कारखान्याचं कळलं असेल ना तुम्हाला? याआधी एकदा विचारलं होतं त्यांनी. दोन महिन्यांपूर्वी. मी नाही म्हणालो." तो नखाशी चाळा करत होता. "तेव्हा बुधवार चालू होते."

मी त्याच्या नखाजवळच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं.

"आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. "जाऊ?"

"तिथे रंगशाळा आहे. इथे राहिलात तर दोन थर पांढरा, दोन थर करडा, आणि—"

"ते मला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"राहा, असं वाटतं," मी म्हणाले. "रोज वाटेल. पण मी एकदा तुम्हाला न विचारता तुमचं ठरवलं, त्याचं काय झालं ते बघितलंत. आता ठरवा तुम्ही. मला काय हवंय, तेवढं सांगितलं. त्यात काही लपवलेलं नाही."

त्याने मधल्या जागेवर हात ठेवला. मी त्यावर माझा ठेवला. हात गरम होता आणि त्याला थिनरचा वास येत होता. सुटी संपल्याची घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही. दारातून कोणीतरी हाक मारली, "अहो कलाकार, गाडी वाळतेय!" तेव्हा उठलो.

तो गेला. जायलाच हवं होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते. जाण्याआधी त्याने माझ्या वहीत नंबर लिहून दिला आणि विचारलं, "याल?"

"पुढच्या महिन्यात. पहिल्या शनिवारी."

सोमवारी दहाला चार रंगांची यादी लागली. नंतरच्या बुधवारी मी खाली उतरले नाही, आकडा संगणकावर बघितला. संध्याकाळी फोन व्हायचा. तो नव्या जागेतल्या पाण्याबद्दल सांगायचा, पाणी जड आहे म्हणून रंग बसत नाही, म्हणायचा. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची. पूर्वी ती नुसती रिकामी असायची. आता तिच्यात एक माणूस कमी असायचा.

पहिल्या शनिवारी सकाळी सहाची गाडी मी पकडली. अकरा तास खिडकीशी बसले. वाटेत दोनदा मनात आलं की उतरून परत जावं. दोन्ही वेळा गाडी स्टेशनावर थांबली नव्हती, हे बरं झालं. पाच वाजता अनोळखी फलाटावर उतरले, तेव्हा पाऊस लागला होता आणि माणसं भराभर छपराखाली पळत होती.

तो मला आधी दिसला. माझ्याकडे त्याची पाठ होती, आणि तो चुकीच्या टोकापासून एकेक डबा बघत चालला होता. प्रत्येक खिडकीशी वाकायचा, काचेवर हात आडवा धरून आत डोकावायचा, पुढे जायचा. सदरा खांद्यांवर भिजला होता. एका म्हाताऱ्या बाईंना त्याने काहीतरी विचारलं, हाताने उंची दाखवली. माझी उंची होती ती. बाईंनी मान हलवली. तो पुढच्या खिडकीशी गेला.

हाक मारली असती तर लगेच ऐकू गेली असती, दहा पावलांवरच तर होता. पण मी पिशवी धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांत मला कोणी शोधतंय, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आणखी दोन खिडक्या मी त्याला शोधू दिलं. मग हाक मारली.