कुडातून आलेला हात

बीडलगतच्या पालीजवळ, बिंदुसरेच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला एका सहकारी सोसायटीचं जिनिंगचं शेड होतं. बहात्तरच्या दुष्काळात कापूसच आला नाही, म्हणून सोसायटीनं ते लांबच्या एका लसीच्या प्रयोगशाळेला भाड्यानं दिलं. बालाघाटाच्या डोंगरात धरलेली तांबड्या तोंडाची माकडं तिथं पिंजऱ्यांत ठेवायची आणि धडधाकट आहेत अशी खात्री झाली की ट्रकनं पुढं पाठवायची. त्यांच्या देखरेखीला गुरुपाद नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. सिरसाळ्याच्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा नुकताच शिकून आलेला, नेटका आणि नियमाला धरून चालणारा.

पिंजरे झाडायला पालीच्या बुद्धवाड्यातली भिमाबाई यायची. तिचा मुलगा आणि सून दिंद्रुडकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नात, सुजाता, तिच्यापाशी होती.

ऊन तापलं आणि माकडांना हगवण लागली. आधी नुसतं पातळ, मग शेंबूड, मग रक्त. तापल्या पत्र्याखाली तो गोडसर कुजका वास नाकात बसून राही. गुरुपादनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, नमुने प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर काय येणार ते त्याला ठाऊक होतं. रक्ती हगवणीचा हा जंतू रानातल्या माकडात नसतो. तो माणसाच्या हातून येतो, पिंजऱ्यात भेदरलेल्या जनावराच्या आतड्यात फोफावतो, आणि तिथून पुन्हा माणसाकडं जातो.

टँकरचं पाणी माकडांपुरतंच यायचं. काम उरकलं की भिमाबाई हात मातीनं घासायची, पदराला पुसायची आणि घरी जाऊन भाकरी थापायची. गुरुपाद हे रोज बघायचा. तांब्याभर पाणी दिल्यानं काही अडत नव्हतं. पण एकीला दिलं तर उद्या सगळी वस्ती हंडे घेऊन फाटकाशी उभी राहील, असं तो स्वतःला समजावायचा.

एका सकाळी ती झाडू न घेताच पुढ्यात आली.

"दाक्तरसाहेब, पोरीला ढाळ लागलेत. रगत पडतंय. माकडावानीच."

"बीडला दवाखान्यात न्या."

"काल गेलते. वरांड्यात पाय ठिवायला जागा न्हाई, औषध सरलंय म्हणले. तुमी माकडायला गोळ्या देता, त्यातल्या थोड्या..."

गुरुपादनं कपाटाकडं पाहिलं. गोळ्या सल्फाच्या होत्या, माणसांना देतात त्याच. पण पुरवठा तोकडा होता आणि माकड दगावलं तर वरून विचारणा होणार होती.

"ते जनावरांचं औषध आहे," तो म्हणाला. "माणसाला चालत नाही."

"बरं," भिमाबाई म्हणाली, आणि गेली. त्या दिवसापासून ती झाडायला आली नाही.

तो शेडमध्ये वळला तेव्हा आतला गलका थांबलेला होता. माकडं गजांशी येऊन बसली होती, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मग फाटक्या कानाच्या एका म्हाताऱ्या माकडिणीनं पाठ फिरवली. तिच्यामागं एकेक करत सगळ्यांनी.

गोळी गुळात बसवून तो प्रत्येकाला द्यायचा. बाकीची माकडं हळूहळू सुधारली. म्हातारी मात्र खंगत चालली. गोळी घ्यायची, गालाच्या पिशवीत ठेवायची आणि फुगलेला गाल घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. थुंकलेली गोळी कुठं सापडत नव्हती. तिच्या तळव्यांना मात्र रोज ताजी काळी माती दिसायची. पिंजऱ्याची फरशी सिमेंटची होती.

गुरुपादनं दाराची तार काढून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दुपारी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. वारा नव्हता. पत्रा तडतडत होता. म्हातारीची पाठ त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. ऊन कलल्यावर तिनं मान वळवली तेव्हा गाल सपाट होता. बोटांच्या पेरांत माती होती.

वस्तीवरून रडण्याचा आवाज येतो का, इकडं त्याचे कान लागलेले असायचे. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. पण चौकशीला जायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता. काय तोंडानं जाणार?

म्हातारी माकडीण मेली. त्यानं तिचं शव फाडलं. आतडं आतून सोललेलं होतं. गालाच्या पिशवीत भाकरीचा तुकडा होता, रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचा. माकडांना तिथं भिजवलेला हरभरा आणि गोळीपुरता गूळ सोडला तर काही मिळत नव्हतं.

त्यानं चुना घालून तिला शेडमागं पुरलं.

आठवडा उलटल्यावर भिमाबाई आली. बोटाला धरून सुजाता, वाळलेली पण पायांवर उभी.

"तुमचे उपकार हायेत," भिमाबाई म्हणाली.

"कशाचे?"

"तोंडानं न्हाई म्हणलात, पर माणसाच्या हाती रोज गोळी धाडलीत. दुपारच्या वक्ताला कुडाच्या फटीतून हात यायचा. गुळातली गोळी, वली."

"कोण होतं?"

"ते तुमालाच ठावं. त्यानं तोंड दावलं न्हाई, मीबी बघितलं न्हाई. उगं तुमच्यावर बालंट नको. रिकाम्या हाती कसं धाडावं, म्हणून भाकर द्यायची."

गुरुपादला बोलायचं होतं. मी पाठवली नाही, एवढंच. म्हातारी बाई हात जोडून उभी होती. त्याची मान खाली गेली.

"हं," तो म्हणाला.

"आता त्याला धाडू नका. पोर बरी हाय."

"आता कोण येतंय?"

"कालबी आलता. परवाबी. हात रिकामाच. भाकर ठिवली तर घेतली न्हाई. पोरीचं बोट धरून बसतो. सोडत न्हाई."

सुजातानं आजीच्या लुगड्याआडून बोट पुढं केलं. भर उन्हात ते निळं पडलं होतं. गुरुपादनं हात लावला आणि काढून घेतला.

"लई गार हाय तो," पोरगी म्हणाली.

"सांगताल ना त्याला?" भिमाबाईनं विचारलं.

"सांगतो," गुरुपाद म्हणाला.