ब्रास व्हिकरची पाचवी रेकॉर्ड

"काका, ह्या बँडला ऐकणारं एक तरी माणूस होतं का हो?"

तेजलने विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणीने, निधीने, तोंडात रुमाल कोंबला. पैज तिचीच होती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या काशीरामकाकांच्या गाळ्यात जायचं आणि हे तोंडावर विचारायचं. तेजलला काय, हल्ली ती कुणालाही काहीही विचारायची. दहावीत आल्यापासून वक्तृत्वाच्या दोन ढाली आणल्या होत्या तिने. शनिवारी दिंडोशीला आंतरशालेय फेरी होती आणि त्या फेरीपलीकडे तिला जगात काही दिसत नव्हतं.

"होता ना. मी," काका म्हणाले.

काका मालवणचे, तरुणपणी बोटीवर होते. बाकीचे खलाशी येताना अत्तरं, घड्याळं आणायचे. ह्यांनी आणल्या 'ब्रास व्हिकर' नावाच्या कुणा इंग्रज हार्ड रॉक बँडच्या पाच रेकॉर्डी. आता ते मिक्सर दुरुस्त करायचे आणि दिवसभर त्याच लावायचे. त्यापेक्षा मिक्सर सुरेल, असं अख्ख्या गल्लीचं मत होतं.

काकांनी पाचही कव्हरं टेबलावर मांडली. केस कंबरेपर्यंत, विजारी बेंबीखाली आणि चेहरे असे, की आठवडाभर पोट साफ झालं नसावं. एकाहत्तरला सुरू, अठ्ठ्याहत्तरला बंद. गाणं एकही गाजलं नाही. मोठ्या बँडच्या आधी हे वाजवायला उभे राहिले, की प्रेक्षक तेवढ्यात सँडविच खाऊन यायचे. हे काकाच अभिमानाने सांगत होते.

"आणि दर रेकॉर्डला गायक नवा? पळून जायचे वाटतं?" तेजलने विचारलं.

"पळाले नाहीत. आवाज गेला. एकेकाचा. परत कुणी बोललं नाही."

"स्वतःचंच गाणं ऐकलं असेल," निधी म्हणाली.

पाचव्या कव्हरवर मात्र चौघेच होते, मधे एका माणसाची जागा सोडून. पडलेल्या दातासारखी. गायक मिळालाच नाही, म्हणून ह्या रेकॉर्डवर नुसतंच वाजवलेलं होतं.

"लावा की मग. निदान ओरडणार तरी नाही कुणी," तेजल म्हणाली.

"मधे बोलायचं नाही हां," काका म्हणाले. सुई टेकवून त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात घट्ट धरला. नाटकी म्हातारा, तेजलला वाटलं.

आधी पत्रा कापल्यासारखी गिटार. मग ती थांबली. नुसती खरखर. आणि खरखरीतून एक म्हातारा, अगदी जवळून, चक्क मालवणीत बोलू लागला.

"बा देवा म्हाराजा! ही चार लेकरां तुझ्या दारात उभी आसत. गाणारो गेलो, जागा रिकामी आसा. ती भरून दी रे म्हाराजा!"

दर गणपतीत पप्पा असंच गाऱ्हाणं घालायचे आणि सगळं घर एका सुरात ओ द्यायचं. तेजलच्या तोंडून ते आपसूक निघालं.

"व्हय म्हाराजा!"

निधी नागपूरकडची. तिला वाटलं, ही गंमत करतेय. ती फिस्सकन हसली. काकांनी सुई उचलली.

"एक्केचाळीस वर्षं तोंड धरून ऐकतो मी हे," ते म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं."

"कायपण हं, काका!" तेजलने स्वतःच सुई मागे ठेवली.

पत्रा. खरखर. गाऱ्हाणं.

तिने ओठ मिटलेले होते.

"व्हय म्हाराजा," रेकॉर्डमधून आलं. दातांच्या तारेमुळे तेजलच्या 'जा'ला बारीक शीळ लागायची. ती शीळसुद्धा होती.

मग गिटार सुरू झाली. आता तिच्यावर एक मुलगी गात होती.

निधी कधी पळाली, कळलंच नाही.

घरी येऊन तेजल आरशासमोर भाषणाला उभी राहिली. 'अध्यक्ष महोदय'मधला 'अध्यक्ष' निघाला, 'महोदय' निघालाच नाही. घसा बसलाय, तिने स्वतःला दटावलं, त्या भिकार बँडला कोण भितंय!

आठ वाजता ती बाहेरच्या खोलीत आली. पप्पा टीव्ही बघत होते, आई मेथी निवडत होती. तिला सांगायचं होतं, 'मला डॉक्टरकडे न्या.' तोंड उघडलं, आणि आवाज आला तो खरखरीतून, रेकॉर्डमधल्या म्हाताऱ्याचा, गाऱ्हाण्याच्या चालीवर.

"शनिवारी मी दिंडोशीक जावचंय नाय. त्यांची जागा रिकामी आसा, ती मी भरतंय रे म्हाराजा!"

टीव्हीवरची नजर न काढता पप्पांनी आणि मेथीवरची न काढता आईने, सवयीने, एका सुरात ओ दिली.

"व्हय म्हाराजा."