पलीकडच्या खोलीतलं घोरणं

खोटं वाटेल त्याला वाटू दे. पण कमलाक्षीनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. साखळीजवळचं घर. वैशाखातली दुपार. जेवणं आटोपून अख्खा गाव आडवा झालेला.

तिचा नवरा कृष्णनाथ खाणीवरचा ट्रक चालवायचा. घोरायचा असा, की कौलं थरथरावीत. आणि मध्येच...

श्वासच बंद!

मग गचका देऊन पुन्हा सुरू.

त्या दुपारी त्याचा श्वास अडला, आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी घोरू लागलं...

खोलीत होती ती फक्त सासऱ्यांची रिकामी खाट, आणि उशाशी त्यांचा तांब्या. तिथेच ते झोपेत गेले होते. महातापट माणूस! उठवलं की तांब्या फेकून मारायचे. म्हणून शेवटच्या दिवशीही त्यांना कुणी उठवलं नव्हतं.

तिनं नवऱ्याला गदागदा हलवलं. श्वास परतला.

पलीकडचं घोरणं थांबलं...

आणि तांब्या भिंतीवर आदळला.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"झोपेत श्वास अडतो, म्हणून रक्तदाब चढलाय. असंच चाललं तर हृदय दगा देईल," डॉक्टर म्हणाले. "फेणी बंद, वजन कमी. आणि उताणा झोपू नको. बनियनला पाठीवर चेंडू शिवून घे."

"हांव कितें भुरगो?" लहान पोरासारखं वागवलं म्हणून कृष्णनाथ उखडला.

"ओगी राव! जीव व्हड काय लज व्हड?" कमलाक्षीनं त्याला गप्प केलं. जिवापुढे लाज कसली!

तिनं चेंडू शिवला. तो कुशीवर झोपू लागला. रक्तदाब उतरला, खोलीही गप्प झाली. हुश्श केलं बिचारीनं.

मग एका दुपारी तिला जाग आली...

कृष्णनाथ उताणा. टाके उसवलेले. चेंडू पलीकडच्या खोलीच्या उंबऱ्यावर.

त्याची छाती हलत नव्हती. आतून मात्र घोरणं येत होतं. पोटभर, सुखाचं.

तिनं हाका मारल्या, थोबाडीत मारल्या. शेवटी सासऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली ती बाई त्या खोलीकडे बघून किंचाळली, "मेल्या, म्हज्या घोवाक सोड!"

कृष्णनाथला गचका आला. खाट करकरली, कुणी उठून बसावं तशी...

ती खाट त्यांनी जाळली. कृष्णनाथ आज ठणठणीत आहे. त्याच्या पाठीवर हात ठेवून कमलाक्षी दुपारभर जागी बसायची.

परवा तिचा डोळा लागला.

जाग आली ती गचका खाऊनच. घसा कोरडा, छाती धडधडतेय. शेजारी कृष्णनाथ कुशीवर, शांत श्वास घेत होता.

उताणी ती होती.

आणि पलीकडचं घोरणं नुकतंच थांबलं होतं...