भुऱ्याला काळीज कुणी घातलं?

ए, ऐका ना, मधे बोलू नका! आधी सांगा, फुटू नये म्हणून सहा हात जपतात असा फुगा कुठला? हरलात! आमच्या म्हाळूच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या पोटातला. पेरूएवढा! त्याच्या यकृतात होता (मटणात आपण काळीज म्हणतो ना, तेच).

दवाखान्यात तपासल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा कुत्र्याच्या जंतामुळे झालाय." झालं! बिरूकाका ताडकन उठला. "त्या भुऱ्याला उद्याच घाटाखाली सोडून येतो."

इतका राग आला ना मला! भुऱ्या आमची मेंढरं लांडग्यापासून राखतो, आणि शिक्षा त्यालाच? मी म्हटलं, "ऑपरेशन होईपर्यंत तरी थांब, काका. मुंगळ्याला विचारू."

मुंगळा म्हणजे ऑपरेशनचा सहा हातांचा रोबो. आत डॉक्टरबाई सांगत होत्या, तो करत होता, आणि बाहेर पडद्यावर आम्हाला सगळं दाखवत आमच्याशी बोलतही होता.

"फोड की पटकन!" मी ओरडले.

"मुळीच नाही," मुंगळा म्हणाला. "ही पुटी आहे (पाण्याने भरलेली पिशवी). तिच्यात पट्टकृमीची (फितीसारख्या जंताची) शेकडो इवली डोकी आहेत. पोटात सांडली, तर एकेकाचा नवा फुगा होऊ शकतो. शिवाय त्या पाण्याने अंग असं बिथरेल, की श्वाससुद्धा अडकेल."

म्हणून त्याने फुग्याभोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी रचली. सुईने आतलं पाणी ओढलं. त्यात पित्त मिसळलेलं नाही ना, हे बघितलं (असतं, तर खारं पाणी पित्ताच्या नळ्यांत शिरून त्या भाजल्या असत्या). मग आत खारं पाणी भरून डोकी मरेपर्यंत थांबला आणि तेही ओढलं. शेवटी चीर देऊन पांढरं अस्तर अलगद बाहेर काढलं, तर त्यात द्राक्षांसारखे पिल्लू-फुगे! ई काय? भारी दिसत होते!

"पण भुऱ्यात जंत आला कुठून?" मी विचारलं.

"मेंढीच्या काळजातल्या असल्याच फुग्यातून. कुत्र्याने तो कच्चा खाल्ला, की त्याच्या आतड्यात जंत वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. गवतातून मेंढीत जातात, आणि न धुतलेल्या हातांतून माणसात."

आणि आमचा म्हाळू! भुऱ्याला मिठी मारायची आणि तशीच भाकरी मोडायची.

आणि काका? मेंढरू कापलं की काळजातला फोडांचा तुकडा तोच काढतो. "घाण माणसानं खाऊ नये," म्हणतो आणि भुऱ्याला टाकतो. दरवेळी!

"मग आता घाटाखाली कुणाला सोडायचं, काका?" मी म्हटलं. आईने असा चिमटा काढला ना!

"माझा बापबी असंच करायचा गं," काका हळूच म्हणाला.

म्हाळू आता घरी आलाय, त्याच्या गोळ्या चालू आहेत. भुऱ्यालाही जंताची गोळी देतात. परवा काकाने मेंढरू कापलं, तर काळजात फोड! भुऱ्या शेपूट हलवत समोर बसला. काकाचा हात उचलला गेला... आणि थांबला. त्याने कुदळ घेतली, खोल खड्डा खणला, तुकडा पुरला, वर धोंडा ठेवला. सगळ्या वस्त्यांनी असं केलं, तर या फुग्यांसाठी मुंगळ्याला कुणी बोलावणारच नाही.

भुऱ्याला शिजवलेलं मिळालं. तरी दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसला. बघा की! ज्याच्यासाठी भांडले, तोच माझ्यावर रुसलाय!